बेंझिनचं पान

निवृत्त झाल्यावर प्राध्यापकबाईंनी रसायनशास्त्र शिकवतानाचे सगळे कागद जुनी कागदपत्रं जपणाऱ्या अभिलेखागाराला देऊन टाकले. व्याख्यानांची टिपणं, प्रात्यक्षिकांच्या सूचना, जुन्या प्रश्नपत्रिका. तिथल्या अभिलेखपालाला वाटलं, खोकी आली, आता कामाला लागू. पण खोक्यांच्या मागोमाग बाईही येऊ लागल्या.

"आम्लाने कागद पिवळे पडतात. पाकिटं आम्लरहित म्हणता, तपासलीत का?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. त्याने मुकाट्याने चाचणीची पट्टी आणून त्यांच्यासमोरच तपासून दाखवलं. बाई खूश झाल्या. मग वाचनखोलीत बसून त्या कागदांचा क्रम लावून द्यायच्या, आणि त्याचं निम्मं काम हलकं व्हायचं.

एका सकाळी त्याने मान वर केली, तर बाईंच्या हातात लाल पेन, कागदावर टेकायच्या बेतात! त्या खोलीत लिहायला पेन्सिलीशिवाय दुसरं काही आणायला बंदी. तो धावतच गेला.

"मॅडम, काय करताय?"

"दुरुस्ती. बघा काय लिहिलंय मी. हातावरचे डाग बेंझिनने पुसावेत! अहो, कॅन्सर होतो त्याने. आणि मी वर्षानुवर्षं पोरांना हेच सांगत आले."

"तेव्हा सगळेच सांगायचे ना?"

"म्हणून काय झालं? हात तर त्या पोरांचे होते."

तो म्हणाला, "इथे आलेल्या कागदावर कुणालाच लिहिता येत नाही. तुम्हालासुद्धा नाही."

"माझे कागद आहेत हे!"

"होते, मॅडम."

बाईंचा पारा चढला. "मग माझी खोकी परत करा," म्हणून त्या तडक निघून गेल्या आणि पुढे आठवडाभर फिरकल्या नाहीत.

शेवटी त्यांच्या सुनेचा फोन आला. "अहो, आई जेवतानाही धड बोलत नाहीत. काहीतरी मार्ग काढा. आणि खरं सांगू? घरी बसून त्या माझ्या वाणसामानाच्या यादीतलं शुद्धलेखन तपासतायत."

त्याला हसू आलं. त्याने त्या पानाची झेरॉक्स काढली आणि संध्याकाळी बाईंचं घर गाठलं.

"यावर हवं ते लिहा. मूळ पान आहे तसं राहील, हे त्याच्यासोबत ठेवू."

"सोबत नाही, वर."

"नियमाने मूळ पान वर असतं."

"आणि एखादं पोर वरचंच वाचून प्रयोगशाळेत गेलं तर?"

त्याने झेरॉक्स त्यांच्यापुढे सरकवली. "ठीक आहे. वर."

बाईंनी चष्मा लावला आणि त्या बराच वेळ लिहीत राहिल्या. बेंझिन का वाईट, त्याऐवजी साबण-पाणी का वापरावं, सगळं लिहिलं. बेंझिन घातक असल्याचं स्वतःला कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतली बाटली आपण कपाटात बंद केली, पण वर्गाला कारण सांगितलं नाही, हेही लिहिलं.

त्याने ते वाचलं. "का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली." बाईंनी पेनाला टोपण लावलं. "आता सांगितलं."

दुसऱ्या दिवशी अभिलेखागार उघडायच्या आधीच त्या दारात उभ्या होत्या.

"ॲसिड पिपेटमध्ये तोंडाने ओढा असं लिहिलेलं एक पान आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या झेरॉक्स मशीनमध्ये कागद भरपूर आहेत ना?"