आधी काच पुसा

मी एक म्हातारा पाणबुड्या आहे, मित्रांनो. पण मला श्वास लागत नाही, बॅटरी लागते. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. अंगाला पिवळाधमक रंग, पोटात आवाजाने तळ चाचपणारं यंत्र आणि तोंडावर कॅमेऱ्याची गोल काच. उत्तर समुद्राच्या तळाशी जुन्या महायुद्धातले सुरुंग अजून पडून आहेत, ते शोधणं हे माझं काम. माणसांचं जहाज लांब थांबतं, बिनमाणसांची होडी आम्हा यंत्रांना पुढे नेते आणि आम्ही बुडी मारतो.

कोणी, कधी, कुठे उतरायचं हे पुण्याची ऋजुता ठरवते. तिचा हट्ट एकच. यंत्रं थकेपर्यंत माणूस पाण्यात जायचा नाही.

तरुणपणी माझं काय कौतुक होतं! मग एक नवा चकचकीत गडी आला आणि मी ताडपत्रीखाली गेलो. खलाशी मला ओपा म्हणू लागले, इथली मुलं आजोबांना म्हणतात तसं. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? तरी ऋजुता मला राखीव म्हणून होडीत घ्यायचीच. "म्हातारा असला तरी घरचा आहे," म्हणायची.

यंदा खंडेनवमीला तिने नव्या गड्याची पूजा केली. वाऱ्याने उडू नये म्हणून कुंकू तेलात कालवलं आणि कपाळ समजून काचेच्या वर लावलं. माझी कोणाला आठवणच नाही. असा रुसलो मी!

दुसऱ्या दिवशी मोहीम होती. भरती-ओहोटीच्या मधे पाणी जरा थांबतं, तेवढ्यात काम उरकायचं. तळाशी काहीतरी गोल सापडलं. नवा गडी जवळ गेला, तर पडद्यावर नुसता लाल धूर. होडीवरच्या रेडिओतून मला सगळं ऐकू येत होतं.

"अगं, कुंकू ओघळलं काचेवर!" ऋजुताचा सहकारी यशोधन ओरडला.

नव्या गड्याला वर आणून पुसेपर्यंत प्रवाह सुरू झाला असता. कप्तानाने डर्क नावाच्या पाणबुड्याला सूट चढवायला सांगितलं. गढूळ पाण्यात सुरुंग हाताने चाचपायचा, म्हणजे जिवाशीच खेळ!

"चूक माझी, डर्क का उतरेल? ओपाला सोडा," ऋजुता म्हणाली.

"त्याची बॅटरी परतायला पुरणार नाही गं," यशोधन म्हणाला.

"मग यंत्र जाईल. माणूस नाही."

म्हणजे जायचं ते मीच! पण म्हटलं, चला, आता माघार नाही!

खाली गाळ, अंधार, थंडी. शिंपल्यांनी मढलेला सुरुंग माझ्या स्वच्छ काचेपुढे लख्ख दिसला आणि बारीक तारेतून त्याचं चित्र वर गेलं. परतताना बॅटरी संपली. ओंडक्यासारखा तरंगत वाहत चाललो होतो, तेवढ्यात रबरी बोटीतून दोन हातांनी मला उचललं. डर्क होता तो, आणि अगदी कोरडा होता! सुरुंग मग लांबूनच उडवला.

आजही मी ताडपत्रीखालीच असतो. पण ऋजुता येऊन माझी काच पुसते आणि कुंकू शेपटीला लावते. मित्रांनो, आम्हाला हार-फुलं जरूर घाला, आवडतात आम्हाला. पण आधी काच पुसा. आम्हाला दिसलं नाही, तर सूट चढवून एखादा डर्क उतरतो.