सरळ मार्गाने आता कोणी येत नाही

मी एक जुना हवाई मार्ग आहे. माझं एक टोक अल्जियर्सच्या विमानतळावर, दुसरं कासाब्लांकाच्या. लांबी हजार किलोमीटरच्या आसपास, वेळ दोन तासांहून जरा कमी. मी कोणाला दिसत नाही, त्यामुळे मला आजवर कोणी रंग दिलेला नाही.

मित्रांनो, एके काळी माझा थाट होता. विमानात बाळ रडायला लागलं, की ते दमायच्या आत कासाब्लांका यायचं. मग दोन्ही टोकांच्या देशांच्या सरकारांचं बिनसलं आणि माझ्यावरची विमानं बंद झाली. आता पश्चिमेला जायचं तर लोक आधी पूर्वेला ट्युनिसला जातात, तिथे ताटकळतात आणि उलटे फिरतात. वर म्हणतात, कासाब्लांका फार लांब गेलं! मी बोटभरही वाढलेलो नाही.

गेल्या वसंतात झुलीखा माझ्या अल्जियर्सच्या टोकाशी आली. कासाब्लांकात तिच्या भाचीचं, नुआराचं लग्न होतं. नवरीच्या तळहातावर पहिली मेंदी मावशीने लावायची, तीही स्वतःच्या घरी भिजवलेली, असा त्यांच्या घरचा रिवाज. थोरल्या भाचीच्या वेळी झुलीखाने घरातून निघताना मेंदी भिजवली होती. ती वाटेत मुरली आणि उतरल्यावर छान रंगली. यंदाही तिने सवयीने निघतानाच भिजवली. माझ्या दोन तासांच्या हिशेबाने, ट्युनिसच्या नव्हे. तिला हाक मारून थांबवावं म्हटलं. पण मला तोंड नाही.

ट्युनिस माझ्या हद्दीत येत नाही, म्हणून मी दुसऱ्या टोकाशी वाट पाहत बसलो. तिथे नुआरा कोरे तळहात घेऊन उभी होती. मावशी आल्याशिवाय कोणाला हात लावू देणार नाही, असं पाहुण्यांना सांगून आली होती.

अंधारून आल्यावर झुलीखा बाहेर आली. दोन्ही मुठी फडक्यांनी गच्च बांधलेल्या, पासपोर्ट दातांत.

नुआराने आधी पासपोर्ट काढून घेतला. "मावशी, कोणाला ठोकून आलीस?"

"ट्युनिसची तपासणीवाली म्हणाली, मेंदीचा वाडगा विमानात जाणार नाही. म्हटलं, बाई, हात तरी जातील ना? सगळी मेंदी मुठींत भरली आणि तिच्याचकडून फडकी बांधून घेतली. तेव्हापासून नाक खाजतंय. उभी काय राहिलीस, खाजव!"

नुआराने नाक खाजवलं, मग मुठी सोडल्या. मेंदी वाळून खापर झाली होती. फक्त उजव्या मुठीच्या मधोमध, घामाने, चिमूटभर ओली उरली होती. तिथेच सामानाच्या गाडीवर बसून झुलीखाने ती नुआराच्या तळहातावर गोल थापली.

"तुझेच हात जास्त रंगलेत," नुआरा म्हणाली. "लोक विचारतील, नवरी कोण?"

"सांग, मावशीच. तिचा नवरा ट्युनिसवरून निघालाय, पोचेल दोन-चार वर्षांत."

दोघी हसता हसता रडायला लागल्या. मला रडता येत नाही, नाहीतर खाली पाऊस पडला असता.

मित्रांनो, मार्ग वापरून झिजतात हे खोटं आहे. कोणी आलं-गेलं नाही की झिजतात. तुमच्या माणसांकडे सरळ जाता येत असेल, तर काम नसतानाही जाऊन या. नुआराची धाकटी बहीण अजून लग्नाची आहे. तिच्या वेळी झुलीखाला माझ्यावरून जाऊ द्या. मी तिची मेंदी वाळू देणार नाही.