तिसऱ्या गाण्यातला आवाज

विशालचा हळदीच्या गाण्यांचा नवा आल्बम चांगलाच गाजत होता. टेमघरच्या घरामागच्या खोलीत त्याने स्टुडिओ थाटला होता, आणि गाणं त्याला भरगच्च लागे. दोन बेंजो, ब्रास, ढोलकी, त्यावर कोरस, त्या कोरसवर आणखी एक कोरस, असे थरावर थर चढवल्याशिवाय त्याचं समाधान होत नसे. लोक म्हणत, याचं गाणं कितीही वेळा ऐका, दर वेळी काहीतरी नवीन सापडतं.

त्याच्या बायकोला, मेघालीला, तिसऱ्या गाण्यात एक बाई सापडली.

मेघाली पूर्णा गावच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती. ड्युटीवरून येताना बसमध्ये ती कानात इअरफोन घालून ऐकत होती. बेंजोच्या खाली, कोरसच्याही खाली, डाव्या कानाशी कुणीतरी गात होतं. जाड, जरासा फाटलेला आवाज. कोरसच्या दोन्ही पोरी कोन गावच्या, तिच्या ओळखीच्या. हा आवाज त्यांचा नव्हता.

घरी येऊन तिने विचारलं, "तिसऱ्या गाण्यात कोण गातंय?"

"कोणी न्हाय. कीबोर्डचा आवाज हाय," विशाल म्हणाला आणि मान वर न करता जेवत राहिला.

कीबोर्ड श्वास घेतो काय? ओळ सुरू होण्याआधी त्या बाईने घेतलेला श्वास मेघालीने स्पष्ट ऐकला होता.

मग तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. विशाल रेकॉर्डिंग शुक्रवारी करायचा, कारण शुक्रवारी आजूबाजूचे कापडाचे लूम बंद असत. त्या दिवशी मेघालीची शिफ्ट, आणि सासू कमळबाई कोनला बहिणीकडे जायच्या. म्हणजे घर रिकामं. संध्याकाळी मोरीत चहाचे दोन कप असत. एकदा तिने विचारलं तर विशाल म्हणाला, "मीच दोनदा प्यालो."

तिने सासूच्या कोनच्या बहिणीला, आक्काला, फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "आई शुक्रवारी तुमच्याकडं असतात ना, म्हणून जरा निवांत वाटतं."

"कमळ? ती तर दिवाळीपासून इकडं फिरकलीच न्हाय."

मेघालीने फोन ठेवला. म्हणजे सासूला सगळं ठाऊक होतं, आणि पोराला मोकळीक मिळावी म्हणून ती स्वतः घराबाहेर राहत होती. त्या आठवड्यात दोघांपैकी कुणाशीच ती धड बोलली नाही. सासूने वाढलेली भाकरीसुद्धा तिला गिळवेना.

पुढच्या शुक्रवारी ती हाफ डे टाकून घरी आली. मागच्या खोलीचं दार आतून नुसतं लोटलेलं होतं, आणि आत तोच आवाज कुठलंतरी नवं गाणं गात होता. तिने दार ढकललं.

माइकसमोर, पांढऱ्या केसांवर हेडफोन चढवून, डोळे मिटून कमळबाई उभ्या होत्या.

विशाल खुर्चीतून उठला. मेघाली म्हणाली, "मला का न्हाय सांगितलं?"

कमळबाईंनी हेडफोन काढला. "याचे बाबा गेल्यापासून मी हळदीत गायले न्हाय. विधवा बाईनं हळद गायली तर लोक काय बोलतील, तुला काय सांगू? याला म्हटलं, गाते, पण मला एवढी खाली घाल की कुणाला कळायला नको."

"लोकांचं ठीक हाय. मी घरातली हाय ना?"

"तुझ्या बहिणीची हळद हाय पुढच्या महिन्यात. हाच आल्बम लागंल. ठाऊक असतं तर लावू दिला असतास?"

मेघाली दाराच्या चौकटीला टेकली.

विशालने कॉम्प्युटरवर तिसरं गाणं लावलं आणि एकेक ट्रॅक बंद करत गेला. बेंजो गेले, ब्रास गेला, कोरस गेला. खाली एकटा सासूचा आवाज उरला. मेघाली उभ्यानेच शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "कीबोर्ड म्हणालात तुम्ही. ते मी इतक्यात विसरणार न्हाय."

बहिणीच्या हळदीला आल्बम लागला. कमळबाई मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या. तिसरं गाणं सुरू झालं आणि मेघालीची आई नवरीला हळद लावता लावता म्हणाली, "मागनं कोण बाई गातेय गं? जुनी चाल हाय."

आईला कुणी काही सांगितलं असेल का, असं मेघालीच्या मनात येऊन गेलं. आईचा चेहरा बघून काही कळेना.

"माझी सासू," ती म्हणाली.

आईचा हळदीने भरलेला हात थांबला. तिने बाहेरच्या खुर्चीकडे एकदा पाहिलं. गाणं मात्र तिने बंद करायला सांगितलं नाही. मग तिने पुन्हा हळद लावायला घेतली.

मेघाली उठली आणि बाहेर जाऊन सासूशेजारी बसली.