अठराशे चाळीस ग्रॅम

"नाव खोडलं म्हणून माणूस खोडला जात नाही, वहिनी," माझी धाकटी नणंद म्हणाली होती. ती टपाल वाटते. भिजून नाव पुसलेलं पाकीटही ती बरोबर त्याच दारात टाकते. म्हणते, अक्षराचं वळण आणि पाकिटाची जाडी पुरते. मी हसले होते. मी संख्याशास्त्राची पदवीधर ना! "अगं, हे पत्र नाही, माहिती आहे. आठशे मुलांच्या गर्दीत कोण कोणाला ओळखतंय?"

ही आठशे मुलं म्हणजे झोपेत ज्यांचा श्वास थांबतो ती. माझी साडेचार वर्षांची लेक त्यातलीच. चार रुग्णालयांनी त्यांच्या नोंदी एकत्र ठेवल्यात. आम्ही त्याला साठा म्हणतो. संशोधक अर्ज करतात, पाच जणांची समिती तो वाचते आणि मंजूर झाला तर त्यांना बिनखिडकीच्या एका खोलीत बसवतात. फोन बाहेरच्या कप्प्यात, पेनसुद्धा बाहेर. आत बसून नोंदी वाचायच्या आणि जाताना फक्त बेरजा नि टक्के न्यायचे. समितीत पालकांतर्फे मी. साठा सुरू होतानाच आईबापांनी एक अट लिहून घेतली होती: पालकांचा नकार आला की विषय तिथेच थांबतो, बाकी चौघं काहीही म्हणोत.

अनुदान तीन महिन्यांत संपणार होतं. घरोघर जाऊन मुलांची चौकशी करणाऱ्या नर्सबाईंना तर आधीच कमी केलं होतं. अशात श्वासाची यंत्रं बनवणारी एक कंपनी पुढे आली. पाच वर्षांचा सगळा खर्च उचलायला तयार. बदल्यात समितीत एक खुर्ची आणि साठ्याची एक प्रत त्यांच्या कार्यालयात.

खरं सांगते, मी होकार द्यायलाच गेले होते. साठा बंद पडला तर माझ्या मुलीसाठी नवा उपचार शोधणार कोण? रात्र रात्र तिच्या छातीवर हात ठेवून पडणारी बाई मी. मला तत्त्वं परवडत नाहीत.

बैठकीत साठ्याच्या संगणकवाल्यानं प्रत्येकापुढे एकेक कागद ठेवला. कंपनीला जाणाऱ्या प्रतीतल्या नमुन्याच्या बारा ओळी, एका ओळीत एक मूल. बैठकीला आलेल्या कंपनीच्या माणसापुढेही ठेवला. "बघा ताई, नाव नाही, पत्ता नाही, काही नाही," तो कौतुकानं म्हणाला. बिचाऱ्यानं मेहनत घेतली होती.

सातवी ओळ. मुलगी. छत्तिसाव्या आठवड्यात जन्म. जन्मवजन अठराशे चाळीस ग्रॅम. उजव्या कानानं कमी ऐकू येतं. दोन वर्षांत सात वेळा दाखल.

अठराशे चाळीस! तीन आठवडे मी त्या आकड्यावर जगले होते. आज दहा ग्रॅम वाढले का, एवढाच माझा दिवस असायचा.

"ही माझी मुलगी आहे," मी म्हणाले.

कंपनीचा माणूस हसला. "तुम्ही आई आहात. आई ओळखणारच. आम्ही कुठून ओळखणार?"

"शाळेतल्या बाई ओळखतील. शेजारीण ओळखेल. विमा नाकारायला बसलेला तर डोळे मिटून ओळखेल. सात वेळा दाखल झालेल्या, एका कानानं कमी ऐकणाऱ्या अशा किती मुली आहेत हो या शहरात?"

"ताई, भावनेच्या भरात..." अध्यक्ष डॉक्टर म्हणाले.

"भावना नाही डॉक्टर, मोजणी आहे. दहापेक्षा कमी मुलांचा आकडा बाहेर द्यायचा नाही, हा नियम तुम्हीच लिहिलाय ना? इथे तर एकेकाला उघडं करून मांडलंय."

समितीतल्या वकीलबाईंनी तेव्हा कुठे चष्मा लावला आणि कागद नीट वाचायला घेतला.

"पण पैसेच नसतील तर साठा कसा चालायचा?" कंपनीवाला म्हणाला.

"मग द्या की पैसे! नको कोण म्हणतंय? तुमचे संशोधकही त्याच खोलीत बसोत, पेन बाहेर ठेवून. पण खुर्ची नाही आणि प्रत नाही. दोर दिला म्हणून विहीर तुमची होत नाही."

"मग आम्हाला पुन्हा विचार करावा लागेल."

"करा. कागद इथे ठेवून करा." मी हात पुढे केला. त्यानं अध्यक्षांकडे पाहिलं, मग कागद माझ्या हातात दिला. बाकीचेही मी मागून घेतले आणि दोनदा मोजले. सहा.

तो गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, "आठशे मुलांचा उपचार अडवलात तुम्ही."

माफीचे शब्द अगदी ओठांवर आले होते. गिळले. "आणि तुम्ही आठशे मुलं त्यांच्या आईबापांना न विचारता वाटायला निघाला होतात. खर्च चारही रुग्णालयांनी वाटून घ्यावा, असा ठराव पुढच्या बैठकीत मी मांडणार आहे. तोवर माझा नकार लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतला. दात-ओठ खात, पण घेतला.

कागद फाडायला घेतले तेव्हा नजर आठव्या ओळीवर पडली. त्या मुलाच्या शेवटच्या तीन तपासण्यांचे रकाने रिकामे होते. नर्सबाईंना कमी केल्यापासून घरी जाऊन त्याला बघणारंही कोणी नव्हतं.

"हे मूल कोण?" मी विचारलं.

"नाव काढलंय ना, ताई," संगणकवाला म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "नावांची यादी वेगळ्या कुलपात आहे. ती उघडायला चारही रुग्णालयांची परवानगी लागते. निदान सहा आठवडे."

मी लगेच अर्ज केला. कुलूप तोडा म्हणाले नाही, म्हणणारही नाही. पण सहा आठवडे म्हणजे किती झोपा होतात, ते मला विचारा.

माझ्या लेकीचे आकडे मी इथे लिहिले, कारण ते सांगायचे की नाही हे मी ठरवते. त्या मुलाचं मी काहीही सांगणार नाही. मुलगा की मुलगी, वय, वस्ती, काही नाही. म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगते: तुमच्या जिन्यात, गल्लीत, मुलांच्या वर्गात श्वासाच्या यंत्राचा मास्क लावून झोपणारं एखादं मूल असेल, तर आज त्याच्या घरचं दार वाजवा. मास्क अजून बसतो का, शेवटची तपासणी कधी झाली, विचारा. "सगळं बरं आहे" म्हणाले तरी लगेच परतू नका. मुलाला बघून या.