धारोष्ण

शहराला पहिली आरोग्य-निरीक्षक बाई मिळाली तेव्हा लोक हसले होते. गटारं हुंगत फिरणारी बाई! आता तीच बाई रस्त्यात दिसली की दुकानदार उठून उभे राहायचे. आज मात्र ती कुणाकडे न बघता ताईच्या गोठ्याकडे निघाली होती. पिशवीत तपासणीचा कागद होता आणि कागदावर तिच्या ताईचं नाव.

मुलांच्या वॉर्डात विषमज्वराची सतरा लेकरं. सतराही घरांत दूध ताईकडचं.

ताई गोठ्यात दुपारची धार काढत होती. “आलात साहेब? आज काय, म्हशीची जीभ बघायची?”

“ताई, रोग तुझ्या पोटात आहे. हातावाटे दुधात उतरतोय.”

“माझ्या? मला साधी शिंक नाही गं!”

“तुला काही होत नाही, तेच तर वाईट. गोठ्याला सील लावावं लागेल.”

ताईची बोटं आचळावरच थबकली. याच दुधावर तिने धाकटीला शिकवलं होतं, याच बोटांनी तिच्या वेण्या घातल्या होत्या. “दोन दिवस थांब, म्हशी तरी विकते. तू नाही बोललीस तर कुणाला कळतंय?”

“वॉर्डात कळतंय, ताई.”

मग ताई घरं सांगत गेली, ती वहीत लिहीत गेली. शिंपी, वकील, शाळेमागच्या बाई. प्रत्येक घरामागे एकच प्रश्न: दूध उकळून पितात का? आणि दुसरा एक प्रश्न घशाशी येऊन परत फिरत होता. तिची स्वतःची सहा वर्षांची लेक रोज शाळेला जाताना मावशीकडे पेलाभर दूध पिऊन जायची. उकळलेलंच असेल. ताई काय वेडी आहे?

शेवटी ताईच म्हणाली, “छकुलीचं नाही विचारलंस?”

पेन थांबलं.

“तिला मी धारोष्ण देते गं. फेस आहे तोवर. लाडाची म्हणून...” ताईचा आवाज विरत गेला.

“आज सकाळीपण?”

“आज सकाळीपण.”

यादीत सगळ्यात वर, शिंप्याच्या आधी, जागा नव्हती. तिने समासात आपल्याच घराचा पत्ता लिहिला.

ताईने भरलेली चरवी पायानेच लोटून दिली. “लाव सील. आणि पळ, शाळा सुटायच्या आत तिला घेऊन जा दवाखान्यात.”

धाकटी गोठ्याचं दार ओढायला लागली. जुनं दार, एकटीला जड जात होतं. ताई मदतीला पुढे झाली, अन् मध्येच थांबली. आपले दोन्ही हात छातीशी घट्ट धरून ती तशीच उभी राहिली.