बाईंचा डुगडुगणारा स्टूल

मी स्टूल बोलतोय. हसताय काय? आज माझ्या डोक्यावर कुंडी आहे, पण एके काळी माझ्यावर चढल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणाला इंग्रजी येत नव्हतं!

सुताराने मला घाईघाईत ठोकलं, त्यात एक पाय आखूड राहिला. बाईंनी तसाच आणला आणि पुढच्या खोलीत ठेवला. तिथे त्यांची शिकवणी चालायची. वर्तमानकाळ शिकवायची त्यांची तऱ्हाच न्यारी. एकाने माझ्यावर चढून मुकाट्याने काहीतरी करून दाखवायचं, बाकीच्यांनी बोंबलायचं.

एक पोरगं दात घासल्याची नक्कल करायचं.

"ही इज ब्रशिंग!"

मग बाई हवेत बोट गोल फिरवायच्या. गोल म्हणजे रोजचं. लगेच सगळे, "ही ब्रशेस एव्हरी डे!"

"थापा, बाई! वास घेऊन बघा त्याचा," मागून कुणीतरी.

ढोल्या नावाचं एक धूड होतं. तो चढला की मी मुद्दाम डुगडुगायचो. धप्प!

"ढोल्या इज फॉलिंग!"

बाईंचं बोट गोल फिरायचं.

"ढोल्या फॉल्स एव्हरी डे!"

काय दिवस होते राव!

मग बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच. त्यांचा मुलगा, सगळ्या पोरांचा दादा, पोरांसमोरच म्हणाला, "आई, आवाजाशिवाय कशी शिकवणार? बंद कर आता. जा रे पोरांनो घरी."

पोरं दप्तरं उचलायला लागली. तेवढ्यात बाई तरातरा आल्या आणि माझ्यावर चढल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी दगडासारखा घट्ट उभा राहिलो. बाईंनी एक हात कमरेवर ठेवला, डोळे वटारले आणि मुलाकडे बघून बोट नाचवलं.

ढोल्या किंचाळला, "बाई इज स्कोल्डिंग दादा!"

बाईंनी बोट गोल फिरवलं.

"बाई स्कोल्ड्स दादा एव्हरी डे!"

दादालाच हसू फुटलं. त्यानंतर शिकवणी कितीतरी वर्षं चालली.

आता पोरं मोठी होऊन पांगली. मी गॅलरीत पडलोय. बाई सकाळी माझ्या डोक्यावरच्या कुंडीला पाणी घालतात आणि तांब्या तिरका धरून उगाच क्षणभर खाली रस्त्याकडे बघत थांबतात. खालून कुणीतरी "बाई इज वॉटरिंग!" ओरडेल म्हणून.

मला तोंड असतं तर मीच बोंबललो असतो. तुमच्यापैकी कुणी खालून जात असेल, तर मान वर करा आणि जोरात ओरडा ना! चुकलं तरी चालेल. बाईंचं बोट अजून फिरतं.