मापाचं इंजिन आणि बारकं वळण

"माझ्या स्वयंपाकघरात तुमच्या रुळाचा तुकडासुदिक येणार न्हाई!" असं मी आमच्या मालकांना बजावलं व्हतं. आणि ही कुशाबाई एकदा बोलली की बोलली, समद्या मंचरला ठावं हाय.

मालक म्हंजी सोपान. तीस वर्षं एसटी चालवली, आहुप्याची गाडी त्यांचीच. रिटायर झाले आणि खुर्चीत बसून नुसते रस्त्याकडं बघायला लागले. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळायचे. मला लई धास्ती वाटायची.

मग जावयानं परदेशातनं खेळण्यातलं रेल्वे इंजिन आणलं. तालुक्यात रेल्वे न्हाई, आमच्या घरात मात्र आली! आखूड, बुटकं ध्यान, पण जेवणाच्या टेबलावर गरागरा फिरायचं. मालक हसायला लागले. मी म्हणलं, देव पावला.

औंदा जावयानं दुसरं आणलं, 'स्केल'चं. मला वाटलं, पोरांच्या दप्तरातली स्केल. मी पट्टी लावून मोजलं पण! दोन पट्ट्यांना चार बोटं कमी. वलीभाऊ पोट धरून हसले. वलीभाऊ जुन्नरचे घड्याळवाले, मालकांचे जुने दोस्त.

"वहिनी, स्केल म्हंजी माप," ते म्हणाले. "खऱ्या इंजिनाचा अठ्ठेचाळिसावा हिस्सा. चाक, शिडी, खिळा, समदं त्याच मापात. पहिलं मुद्दाम आखूड केलंय, बारक्या वळणावर फिरावं म्हणून. रूळ दोघांना एकच."

मापाचं इंजिन टेबलावर ठेवलं आणि पहिल्याच वळणाला आडवं झालं. तीनदा पडलं. चौथ्यांदा टेबलाखाली जाता जाता मालकांनी झेललं. धोतराच्या सोग्यानं पुसून त्यांनी ते कपाटात ठेवलं.

"ऱ्हाऊ दे शोभेला," म्हणाले.

"मग ते बुटकं तरी चालवा की!"

"खरं बघितल्यावर ते खोटं वाटतंय गं."

आणि परत जाऊन खुर्चीत बसले. दोन दिवस रस्त्याकडं तोंड. मला रडू आलं आणि रागबी आला.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना मला एकदम आठवलं. एकदा मी त्यांच्या गाडीनं आहुप्याला चालले व्हते. घाटात लांब गाडी एका दमात वळंना, मागंपुढं घ्यावी लागली. लोकं गाडीच्या नावानं शिव्या घालायला लागली. मालक शांतपणे म्हणाले, "गाडीला कशाला बोलता, राव? गाडी चांगली हाय. वळण बारकं हाय."

मी पिठाचे हात धुतले आणि वलीभाऊंना फोन लावला. "ह्या इंजिनाला वळण केवढं लागतं?"

"सहा फुटांचं तरी पायजे, वहिनी. टेबल तर चारचंच."

"मोठ्या वळणाचे रूळ मागवा. जागेचं मी बघते."

रूळ आले त्या दिवशी मी माझी लग्नातली ट्रंक, पिठाचा डबा, कांद्याच्या पाट्या, समदं भिंतीला सरकवलं. वलीभाऊंनी उंबऱ्याला दोन्हीकडनं उताराची फळी बसवली. बाहेरच्या खोलीतनं रूळ निघाला, माझ्या स्वयंपाकघरात आला, ऐसपैस वळला आणि परत बाहेर गेला. मालक खुर्चीतनं बघतच ऱ्हायले.

"अगं, तू तर म्हणली व्हतीस..."

"म्हणले व्हते. बसा आता डायवर म्हणून!"

त्यांनी कपाटातनं इंजिन काढलं, रुळावर ठेवलं. मी पलीकडं चुलीजवळ उभी ऱ्हायले आणि पातेल्यावर चमचा दोनदा वाजवला, टिंग टिंग. कंडक्टरची डबल बेल.

"अवो, जाऊ द्या!"

मालक पहिल्याच हाकेला वळले. आणि इंजिनबी वळलं, न पडता.